मातीकाम आणि स्वास्थ्य : आनंदवनाच्या अनुभवाच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठी भाषेने मातीला फारसा मान दिलेला दिसत नाही. धंद्याची माती होते, मेहनत मातीमोल ठरते, पैसा मातीत जातो, एखाद्याच्या अन्नात माती कालवली जाते आणि शेवटी चार माणसे येऊन माती देतात. नाशाचे, अपयशाचे आणि अंताचे इतके वाक्प्रचार दुसऱ्या एखाद्या पदार्थाभोवती क्वचितच गोळा झाले असतील. मात्र हीच भाषा शेतजमिनीला 'काळी आई' म्हणते आणि तिफण धरण्यापूर्वी मातीची चिमूट कपाळाला लावणारा शेतकरीही याच भाषेत बोलतो. माती म्हणजे शेवट आणि माती म्हणजे आधार, ही दोन्ही टोके मराठी मनात एकत्र नांदत आली आहेत.

अलीकडे मनःस्वास्थ्याच्या चर्चेत मातीचा उल्लेख वारंवार होऊ लागला आहे. ताण आला की बागेत काम करावे, हाताला माती लागू द्यावी, म्हणजे मन शांत होते, असा सल्ला डॉक्टरांपासून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र दिला जातो. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु मातीत काम करताना नेमके काय बरे होते आणि कशामुळे होते, हा प्रश्न त्यात बहुधा अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनाच्या संदर्भात केला आहे. हे उदाहरण निवडण्यास एक विशेष कारण आहे. तेथे ज्यांनी माती कसली त्यांच्यापैकी अनेकांच्या हातांना मातीचा स्पर्श कळतच नव्हता.

मातीचा उपचार आणि मातीतले काम

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. निसर्गोपचारात मातीचा लेप, मातीची पट्टी यांना स्थान आहे. महात्मा गांधींनी हे प्रयोग स्वतःवर व इतरांवर आयुष्यभर केले आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला. या पद्धतीत रुग्ण स्वस्थ पडून असतो आणि माती औषधासारखी त्याच्यावर काम करते. मातीतल्या कामात मात्र हा क्रम उलटा होतो. तेथे माणूस मातीवर काम करतो आणि त्या ओघात त्याच्यात काही बदल घडतो. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

हा विचार पाश्चात्त्य वैद्यकातही जुना आहे. अमेरिकन वैद्य बेंजामिन रश यांनी १८१२ मध्ये मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदविले की, रुग्णालयात लाकूड फोडणे, बागेत खणणे अशी कामे करणारे रुग्ण पुष्कळदा बरे होतात. ज्यांना त्यांच्या प्रतिष्ठेमुळे अशी कामे करावी लागत नाहीत ते मात्र तेथेच खितपत राहतात. अलीकडच्या काळात अशा निरीक्षणांना प्रयोगांची जोड मिळाली आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस बागकामप्रेमींना आधी ताण येईल असे काम देण्यात आले व नंतर काहींना अर्धा तास बागेत काम करण्यास, तर काहींना खोलीत वाचन करण्यास सांगण्यात आले. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत घटले. बागेत काम करणाऱ्यांत ते अधिक घटले आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली.

याहून अधिक गाजले ते मातीतील एका जिवाणूवरचे संशोधन. मायकोबॅक्टेरियम व्हॅकी हा निरुपद्रवी जिवाणू मातीत आढळतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याचा मारलेल्या स्वरूपात प्रयोग झाला तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही, पण त्यांना अधिक बरे वाटू लागल्याचे दिसले. त्यानंतर २००७ मध्ये ख्रिस्तोफर लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून या जिवाणूमुळे मेंदूतील सेरोटोनिनशी संबंधित पेशी उद्दीपित होतात असे दाखविले. 'मातीत आनंद असतो' अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर पसरली. उंदरांवरील निष्कर्षावरून माणसाच्या दुःखावर उपाय सांगणे घाईचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु या निमित्ताने एक विलक्षण योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. मायकोबॅक्टेरियम याच वंशातला दुसरा एक जिवाणू म्हणजे मायकोबॅक्टेरियम लेप्री. नॉर्वेचे वैद्य आर्मौर हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जिवाणू कुष्ठरोगाचे कारण आहे. एका भावंडाच्या नावावर आनंद जमा झाला, तर दुसऱ्याच्या नावावर माणसाच्या इतिहासातला सर्वांत दीर्घ बहिष्कार.

आनंदवनाची भूमी

विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा आनंदवनाच्या आधीपासून आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. हिंगणघाट येथे १९१४ मध्ये जन्मलेले मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे हे या परंपरेत पुढे आले. जमीनदार घराणे, वकिलीची पदवी, वरोऱ्यातील प्रतिष्ठा, असे सर्व काही त्यांच्यापाशी होते. नगरपालिकेच्या कामात असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहून पाहिला. तशातच पावसाच्या एका रात्री रस्त्याकडेला पडलेला, अंगावर किडे फिरत असलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला आणि ते भयाने घरी पळाले. या भयाची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, त्यांनी त्या माणसाची अखेरपर्यंत सेवा केली आणि पुढे १९४९ मध्ये कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन कुष्ठरोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले.

त्याच वर्षी महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. सरकारकडून वरोऱ्याबाहेर पन्नास एकर जमीन मिळाली, ती झाडाझुडपांनी व दगडांनी भरलेली, साप-विंचवांची. जून १९५१ मध्ये विनोबा भाव्यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. बाबा, साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर आरंभ झाला असे सांगितले जाते. पहिले काम अर्थातच जमिनीचे होते : झुडपे तोडणे, दगड वेचणे आणि विहीर खणणे.

येथे काळाचा संदर्भ महत्त्वाचा आहे. डॅप्सोन हे औषध त्याच सुमारास उपलब्ध झाले होते, त्यामुळे रोग आटोक्यात आणणे प्रथमच शक्य होत होते. (अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने सुचविली ती पुष्कळ पुढे, १९८१ मध्ये.) म्हणजे रोग बरा होऊ लागला, परंतु बरे झालेल्या माणसाला घर परत घेत नव्हते. जंतू मेला तरी नाव तेच राहिले. 'स्वस्थ' या संस्कृत शब्दाचा अर्थ 'स्वतःच्या ठायी असलेला' असा आहे. या अर्थाने पाहता, औषधाने रोगमुक्त झालेली ही माणसे स्वस्थ नव्हती, कारण त्यांना उभे राहण्यास ठायच उरला नव्हता.

बधिर हात आणि पाहणारा डोळा

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांतील, त्वचेलगतच्या मज्जातंतूंवर आघात करतात. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आत वळतात. घोट्याजवळचा गेला की तळपाय बधिर होतो. घामाच्या ग्रंथी काम करेनाशा होऊन कातडी कोरडी पडते आणि भेगाळते. वेदना मात्र होत नाही. बोटे 'झडतात' ही समजूत शतकानुशतके चालत आली. ती खोडून काढण्यात वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. रोग बोटे खात नाही. न कळलेल्या जखमा, भाजणे, चेंगरणे आणि त्यातून होणारा संसर्ग बोटे नेतो, हे त्यांनी रुग्णांच्या रोजच्या हालचाली बारकाईने पाहून दाखविले.

आता अशा हातांत कुदळ दिली तर काय होते, याचा विचार करावा. निरोगी माणूस कुदळ मारताना दर काही घावांनंतर नकळत पकड बदलतो. तळव्यावर एका ठिकाणी दाब आला की दुखते, आणि दुखते म्हणून हात सरकतो. बधिर हात सरकत नाही. तो त्याच जागी, त्याच जोराने दांडा आवळून धरतो. फोड येतो, फुटतो, त्यात माती जाते, आणि मालकाला यातले काहीच कळत नाही. ज्या मातीला आरोग्यदायी म्हणून गौरविले जाते तीच माती येथे जखमेचे दार ठरू शकते. मातीच्या स्पर्शाने मन शांत होते हा सिद्धांत या हातांपुढे येऊन थांबतो.

कुष्ठसेवेने यावर जी शिस्त बसविली ती साधी आहे. दांडा जाड व गुळगुळीत करावा, त्यावर कापड गुंडाळावे, मऊ रबराच्या तळाच्या चपला घालाव्यात. काम संपल्यावर हातपाय पाण्यात भिजवून तेल लावावे आणि प्रत्येक बोट, प्रत्येक भेग डोळ्यांनी तपासावी. काटा शिरला आहे काय, कोठे लाल झाले आहे काय, कालच्यापेक्षा आज फोड मोठा आहे काय, हे कातडी सांगणार नाही, म्हणून डोळ्याने विचारावयाचे. 'आत्मपरीक्षण' हा शब्द महाविद्यालयीन व्यासपीठांवरून इतका वापरला गेला आहे की त्याची धार गेली आहे. येथे तो शब्दशः खरा होतो. दिवसभर मातीत राबलेला माणूस दिव्याच्या उजेडात स्वतःचे हात उलटसुलट करून पाहतो. ज्या हातांकडे गावाने पाहणे सोडले होते आणि ज्यांच्याकडे पाहणे त्याने स्वतःही टाळले होते, त्या हातांकडे.

हे तपासणे केवळ वैद्यकीय नाही. वेल्लोरच्या अनुभवातूनही असे दिसते की, संवेदना गेलेला अवयव माणसाला हळूहळू परका वाटू लागतो. तो त्याला निष्काळजीपणे वापरतो, जणू ते एखादे अवजार आहे. कामामुळे त्या हाताची गरज निर्माण होते. उद्या निंदण करावयाची आहे म्हणून आज फोड जपला पाहिजे, अशी साखळी तयार झाली की परका झालेला हात पुन्हा आपला होऊ लागतो. मातीने येथे जो उपचार केला तो स्पर्शाने केलेला नाही. तिने हातांना उद्याचे काम दिले.

वाफसा

दुसरा मुद्दा काळाचा आहे. बहिष्कृत रुग्णाचे आयुष्य हे वाट पाहण्याचे आयुष्य असते. भीक मिळण्याची, गोळीची, घरून कोणी येण्याची आणि अखेर मरणाची वाट. या वाट पाहण्यास तिथी नसते. शेतीतही वाट पाहावी लागते, किंबहुना शेतीचा मोठा भाग वाट पाहण्याचाच आहे. परंतु तेथे प्रत्येक वाट पाहण्याला नाव असते. पाऊस पडून गेला की लगेच पेरता येत नाही. ओल बेताची होऊन ढेकूळ मुठीत सहज फुटेपर्यंत थांबावे लागते. या स्थितीला मराठीत 'वाफसा' असा नेमका शब्द आहे. वाफसा येण्यापूर्वी औत घातले तर जमीन चोपण होते आणि उशीर केला तर ओल उडून जाते. पेरणी, डवरणी, निंदण, कापणी यांच्या तिथ्या माणसाच्या दुःखाची पर्वा न करता येतात. शोकात बुडालेल्या माणसाला हे वेळापत्रक कठोर वाटेल. पण त्याच्या कठोरपणातच आधार असतो, कारण ते 'तुझ्यावाचून अडते' असे दर पंधरा दिवसांनी सांगत राहते.

चिंतन आणि शेतकाम यांची ही सोबत वारकरी परंपरेला अपरिचित नाही. माढा तालुक्यातील अरण येथील सावता माळी यांनी मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही, देवच मळ्यात आला, अशी परंपरा सांगते. त्यांच्याविषयीच्या कथांतला चमत्कार बाजूला ठेवला तरी मळ्यातले काम हीच साधना, हा आशय उरतोच.

काळी आणि पांढरी

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना 'काळी' व 'पांढरी' हे शब्द परिचित आहेत. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गावाचा माणूस तोच, ज्याचे या दोहोंत कोठे तरी स्थान आहे. कुष्ठरुग्णाला पांढरीतून बाहेर काढले जाई. आनंदवनाचे वैशिष्ट्य असे की, पांढरीत परत घ्या अशी याचना न करता तेथील माणसांनी आधी काळी उभी केली.

पीक आल्यावर खरी कसोटी लागली. आनंदवनात खाऊन उरेल इतकी भाजी पिकू लागली, पण वरोऱ्याच्या बाजारात ती घेण्यास लोक धजेनात. मातीतून आलेली भेंडी व वांगी कोणत्याही भेंडी-वांग्यांसारखीच होती. ती ज्या हातांतून आली त्यांचे भय होते. पुढे १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात राहिले, रुग्णांबरोबर बांधकामावर राबले, तेथलेच अन्न जेवले. ते पाहून गावाची भीड चेपली असे आनंदवनाच्या इतिहासात सांगितले जाते. आपल्या शेजाऱ्याचा स्पर्श सुरक्षित आहे हे पटण्यास परदेशी पाहुण्यांची साक्ष लागावी, ही गोष्ट फारशी भूषणावह नाही. पण घडले ते तसे. बाजारात कोणी अनोळखी बाई भाव करून भाजी घेते, तेव्हा त्या व्यवहारात दया नसते. घासाघीस असते. ज्याला आजवर फक्त भीक मिळाली त्याच्या दृष्टीने घासाघीस हा सन्मान आहे.

१९६४ मध्ये आनंदवनाच्या भूमीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या इमारती उभारण्यात कुष्ठमुक्तांचे हात होते आणि त्या वर्गांत शिकण्यास गावची मुले येऊ लागली. पांढरीने हाकललेल्यांच्या काळीत पांढरी स्वतः चालत आली.

मर्यादा

या विवेचनावरून माती सदैव बरे करते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. वरोऱ्यापासून वर्धा व यवतमाळ हे जिल्हे दूर नाहीत. त्याच काळ्या जमिनीत, तसेच कापूस व तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गेली अनेक वर्षे समाजाला अस्वस्थ केले आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारला विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर करावी लागली. त्या शेतकऱ्यांचेही हात मातीत होते. त्यांच्या मातीवर कर्ज होते, बियाण्याचा व औषधाचा खर्च होता, भावाची अनिश्चिती होती. त्यांना बागकामाने ताण कमी होतो असे सांगणे क्रूर थट्टा ठरेल. आनंदवनात पीक बुडाले तर जेवण थांबत नसे, कारण तोटा सर्वांत वाटला जाई. हा फरक मातीचा नाही, तिच्याभोवतीच्या व्यवस्थेचा आहे.

सक्तीचेही तसेच. पाश्चात्त्य मनोरुग्णालयांतून शेतकाम हा उपचार म्हणून सुरू झाला आणि पुष्कळ ठिकाणी ती संस्था चालविण्याची फुकट मजुरी होऊन बसली. अमेरिकेत १९७३ च्या एका न्यायालयीन निर्णयाने अशा रुग्णांना वेतन देणे बंधनकारक केले, तेव्हा अनेक संस्थांनी हा 'उपचार' थांबविला. यावरून त्यातील उपचाराचा अंश किती होता याचा अंदाज यावा. आपल्याकडेही पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात वेठीने राबलेल्या समाजांना माती मन शांत करते हे सांगावयास जाताना विचार करावा लागेल. याउलट औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या स्वतंत्रपूर या मुक्त वसाहतीत कैद्यांना भिंतींऐवजी शेत मिळाले. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. तेथेही विश्वास आधी आला आणि नांगर नंतर.

महाविद्यालयीन संदर्भ

सोमनाथ या आनंदवनाच्या मूलजवळील प्रकल्पावर उन्हाळ्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रातील तरुणांच्या अनेक पिढ्यांनी पहाटे उठून माती खणली आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हाही शिक्षणाला श्रमाची जोड द्यावी हीच अपेक्षा होती. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची चौकट सर्व प्राध्यापकांना परिचित आहे. या चौकटीत पुष्कळ चांगले काम झाले आहे. परंतु वर पाहिलेल्या दोन गोष्टी, उद्याचे काम आणि तिथी असलेली वाट, तिच्यात बसविणे अवघड जाते. विद्यार्थी ऑगस्टमध्ये खड्डा खणतात, रोप लावतात, छायाचित्र निघते, तास नोंदविले जातात. अभ्यासाच्या, घरच्या किंवा नोकरीच्या चिंतेने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला त्या सकाळी बरे वाटतेही. रोपाचा आणि त्याचा संबंध मात्र तेथेच संपतो.

काही महाविद्यालयांत एकेका विद्यार्थ्याकडे एकेक वाफा किंवा झाड वर्षभरासाठी सोपविले जाते. तेथे रोप सुकल्यास त्याचा जाब कोणी विचारत नाही. फक्त ते कधी व का सुकले हे विद्यार्थ्याने वहीत लिहावयाचे असते. अशा वहीसाठी प्रकल्प अहवालाच्या छापील नमुन्यात रकाना नाही. लावलेल्या रोपांची संख्या, सहभागी विद्यार्थी आणि एकूण तास एवढेच रकाने आहेत. परीक्षा संपून वसतिगृह रिकामे झाल्यावर, एप्रिलच्या उन्हात त्या आळ्यांना पाणी कोण घालतो, याची नोंद त्यात होत नाही.